हेलिकॉप्टर : यंत्राआधी जन्मलेला शब्द

आकाशात घरघर ऐकू आली की लहान मुले अंगणात धावतात आणि 'हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टर' असा गलका करतात. विमानासाठी आपल्या भाषेने पुराणांतरीचा शब्द पुढे केला. हेलिकॉप्टर मात्र आपण नावासकट स्वीकारले. या परक्या नावाचे कूळ आपण जरा शोधून पाहू.

उच्चारताना या शब्दाचे 'हेली' आणि 'कॉप्टर' असे दोन तुकडे पडतात. 'हेलिपॅड' हा शब्द याच फोडीतून निघाला. काहींना ग्रीकांचा सूर्यदेव हेलिऑसही आठवतो. परंतु सूर्याचा येथे काही संबंध नाही. खरी फोड 'हेलिको' आणि 'प्टर' अशी आहे. ग्रीक भाषेत 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्रासारखे वेटोळे आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. मळसूत्राप्रमाणे फिरत हवेत शिरणारे पंख, हा या नावाचा अर्थ.

यातील 'प्टेरॉन' तर आपल्या नात्यातला निघतो. उडणे आणि पडणे असे दोन्ही अर्थ असलेला संस्कृत धातू 'पत्' व हा ग्रीक शब्द एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. त्याच धातूपासून 'पत्र' झाले. पत्र म्हणजे आधी पंख, पीस. पुढे झाडाचे पान आणि अखेरीस आपण पोस्टात टाकतो ते पत्र!

हा शब्द घडविला गुस्ताव्ह द पोंताँ दामेकूर या फ्रेंच सरदाराने, 1861 साली. तेव्हा असे यंत्र अस्तित्वात नव्हते. 1863 मध्ये त्याने वाफेवर चालणारी एक छोटी प्रतिकृती तयार केली; वजन कमी राहावे म्हणून तिच्यात त्या काळी दुर्मीळ असलेले ॲल्युमिनियमही वापरले. तरीही ती उडाली नाही. वाफेच्या इंजिनाची शक्ती त्याच्या वजनापुढे तोकडी पडली. 1888 साली दामेकूर वारला.

पुढे हलकी पेट्रोल इंजिने आली. तरी एक अडचण होतीच. पाते एका दिशेने फिरू लागले की यंत्राचे धड उलट दिशेने गरगरू पाहते. कीव्हमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या इगोर सिकॉर्स्की यांनी शेपटीवर छोटे उभे पाते बसवून हे गरगरणे आवरले. 1939 च्या सप्टेंबरात त्यांचे यंत्र दोरखंडांनी बांधलेल्या स्थितीत जमिनीपासून वर उचलले गेले.

नाव ठेवल्याला तेव्हा 78 वर्षे लोटली होती. दामेकूरचे यंत्र कधी उडाले नाही. त्याने दिलेले नाव मात्र आज पुराने वेढलेल्या गावांतील माणसे आशेने उच्चारतात.