जॉबकार्डावर काय लिहिलंय?

परवा पुतण्या घरी आला तो तोंड पाडूनच. "काका, इंजिन उघडलं एकदाचं. वॉरंटी संपली, बिल माझ्या माथी."

गाडी परजिल्ह्यातल्या शोरूमची. तीन वेळा तापली, तीन वेळा तिथेच नेली. दर वेळी कूलंट भरून, धुऊन परत. महिनाभर बरं, की पुन्हा तेच. भरलेलं कूलंट जातं कुठे, हे कोणी बघितलंच नाही. चौथ्या खेपेला हेड उघडलं, तर गॅस्केट गेलेलं!

मी म्हटलं, जुनी जॉबकार्डं दाखव. तिन्हींवर 'जनरल चेकअप'. 'इंजिन तापतं' असं कुठेच नाही. आणि खाली याची सही.

मंडळी, मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं इथे शिरूर अनंतपाळच्या पोरांना ग्राहकाचे हक्क शिकवले आणि घरातच हे!

हे हक्क सहज मिळालेले नाहीत. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा फसलेल्या गिऱ्हाइकासाठी वेगळा कायदा नव्हता. तो १९८६ साली आला आणि जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच झाले. तरी दुसऱ्या जिल्ह्यात घेतलेल्या वस्तूसाठी बहुधा तिकडेच हेलपाटे घालावे लागत. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. मंचाचा 'आयोग' झाला आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येऊ लागली. म्हणजे आम्हाला लातूर पुरे.

पण कायदा कागद मागतो. २००६ साली एका गाडीच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणं हे कंपनीचं बंधन. त्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. आमचं मागणं तेवढंच आहे. पण दोष वॉरंटीतलाच होता, हे दाखवायचं कशाच्या आधारावर?

सुदैवाने पुतण्याने दर वेळी वर्कशॉपला मोबाईलवर 'गाडी पुन्हा तापली' असे निरोप पाठवले होते. तारखांसकट आहेत. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आज तेच निरोप उतरवून अर्ज लिहायला बसलोय.

निकाल काय लागेल तो लागो. तुम्ही मात्र गाडी टाकताना जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, मगच सही करा. पोरांना हे एवढं सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं...