मिथिलेच्या भिंती आणि आपल्या गोधड्या



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. पण गेल्या वर्षापासून एक गोष्ट मनात घर करून आहे, तीच लिहिते. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

हस्तकलेच्या जत्रेत बिहारकडची एक बाई चित्रे विकत होती. माशांचे एक चित्र मला फार आवडले. सवयीप्रमाणे मी घासाघीस केली आणि निम्म्या किमतीत ते घेऊन आले. आठच दिवसांनी एका दुकानदाराने आपल्या मंडळाची गोधडी तशीच निम्म्या किमतीला मागितली. महिनाभर टाके घालणाऱ्या आपल्या भगिनीचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला ती बिहारची बाई आठवली. मग लेकीची मदत घेऊन त्या चित्रांचा इतिहास मी समजून घेतला.

मिथिला म्हणजे सीतामाईचे माहेर. तेथील मधुबनी भागात लग्नघरी वधूवरांची एक खोली सजवतात, तिला ‘कोहबर’ म्हणतात. तिच्या भिंतीवर घरच्या बायका कमळ, बांबू, मासे, पोपट काढीत. आपल्या रांगोळीसारखेच ते शकुनाचे काम. त्याचे पैसे घ्यायचे कोणाच्या मनातही येत नसे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. घरे पडली आणि आतल्या भिंती उघड्या पडल्या. आर्चर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने ती चित्रे पाहिली आणि १९४९ साली मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. तरी बायकांच्या हाती त्यातून काही आले नाही.

पुढे १९६६-६७ साली तेथे भयंकर दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी आपल्या भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकाराला मधुबनीस पाठविले. भिंतीवर काढता तेच कागदावर काढा म्हणजे ते विकता येईल, असे त्यांनी बायकांना सांगितले. जितवारपूरच्या जगदंबादेवी, सीतादेवी अशा भगिनी पुढे आल्या. चुलीजवळच्या बाईच्या हाती स्वतःचे पैसे आले. १९७५ साली जगदंबादेवींना पद्मश्री मिळाली.

पण दोन अडचणी होत्या. पहिली अशी की, कागद मिळाला तो बहुतेक ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायकांना. दलित वस्तीतल्या बायका बाहेरच राहिल्या. १९७०नंतर एरिका मोझर या जर्मन बाईने त्यांनाही चित्रे काढण्याचा आग्रह केला. चानोदेवी आणि इतर भगिनींनी दुसऱ्यांची नक्कल केली नाही. अंगावर गोंदतात तीच नक्षी त्यांनी कागदावर उतरवली. कागदाला शेणाचा हात देण्याची रीतही पडली. ‘गोदना’ म्हणून ती चित्रे आज ओळखली जातात. २०२४ साली शांतिदेवी आणि शिवन पासवान या पतिपत्नींना त्यासाठी पद्मश्री मिळाली. ज्यांना बाहेर ठेवले, त्यांनीच या कलेत नवी भर घातली.

दुसरी अडचण दलालांची. ते थोड्या पैशांत एकसारख्या चित्रांचे ढीग मागत. घाईने कामही बिघडे. १९७७ साली रेमंड ओवेन्स या अमेरिकन अभ्यासकाच्या मदतीने कलाकारांनी स्वतःची संघटना काढली. १९८०मध्ये अमेरिकेत एक संस्था झाली. ती चित्रे रास्त भावाने घेई आणि तेथे विकून झालेला नफा पुन्हा कलाकारांना देई. २००३ साली मधुबनीत मुलामुलींना विनामूल्य शिकवणारी शाळाही निघाली. योग्य दाम आणि पुढची पिढी, या दोन गोष्टींवाचून कोणतीही कला टिकत नाही, हे मला यातून समजले.

मला सर्वांत भिडली ती दुलारीदेवींची हकीकत. त्या मासेमारी करणाऱ्या मल्लाह समाजातल्या. अक्षरओळख नाही. महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी या चित्रकर्तींच्या घरी त्या धुणीभांडी करीत. तेथेच त्या कुंचला धरायला शिकल्या आणि २०२१ साली पद्मश्रीच्या मानकरी झाल्या.

हे कळले आणि मी ओशाळले. माझ्या घरी भांडी घासणारी बाई माझ्यापेक्षा सुबक टाका घालते. दहा वर्षांत मी तिला एकदाही ‘मंडळात चल’ म्हटले नाही. आपल्या गोधडीच्या कामात वरच्या आळीतल्याच बायका का, हे आपण कधी विचारले नाही. वर्ग माडीवर भरतो, म्हणून पायाने अधू असलेली आपली एक भगिनी घरीच बसते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. गोधडीचा वर्ग माडीवरून खाली ओसरीवर आणावा. टाके घालणारीची मजुरी आधी धरावी, मग किंमत ठरवावी. त्याखाली गोधडी विकू नये. विक्रीतली थोडी शिल्लक चिंध्या-दोऱ्यांसाठी आणि नव्या मुलींना शिकवण्यासाठी वेगळी ठेवावी.

या वर्धापनदिनाला ती बाई माझ्याबरोबर येणार आहे. तिने जुन्या लुगड्याची एक गोधडी शिवली आहे. ती आपण सर्वांनी हातात घेऊन पाहावी, आणि किंमत मात्र तिलाच सांगू द्यावी.