टेलिफोन किती दूर?

एकट्या टोकियो शहरात जेवढे टेलिफोन आहेत, तेवढे साऱ्या आफ्रिका खंडात नाहीत. ‘हरवलेला दुवा’ या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातले हे विधान. (वर्गात नकाशा उघडून ते मुलांसमोर जरूर ठेवावे.) आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९८२ च्या नैरोबी परिषदेने नेमलेल्या आयोगाचा हा अहवाल, अध्यक्ष होते ब्रिटनचे डोनाल्ड मेटलंड. जगातल्या सुमारे ६० कोटी टेलिफोनपैकी तीन चतुर्थांश अवघ्या नऊ देशांत होते.

घरोघरी फोन हवा, असे आयोग म्हणाला नाही. नव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ प्रत्येकाला सहज गाठता येईल असा एक फोन असावा, एवढीच त्याची अपेक्षा. म्हणजे मोजायचे ते यंत्रापर्यंतचे अंतर! मला हे फार शहाणपणाचे वाटते.

पण यंत्र खेड्यात टिकणार कसे? त्या काळच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या सी-डॉट संस्थेने त्याशिवाय चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. पुढे रस्तोरस्ती एसटीडीचे पिवळे फलक लागले, आणि घरी फोन नसलेलाही फोन करू लागला.

इंटरनेटचे अंतर मात्र पावलांनी मोजता येत नाही. २०२४ मध्ये सुमारे २६० कोटी लोक त्याबाहेर होते, असा दूरसंचार संघाचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या गावात मोबाइलची लहर पोहोचलेली होती. अडत होते ते हँडसेटच्या किमतीपाशी, आणि अक्षरओळखीपाशी.