मागितले दोन, मिळाला एक : दोन प्रोसेसरच्या यंत्राची गोष्ट

सीप्झसमोरचा ट्रॅफिक पार करून संध्याकाळच्या वेळी इथवर आलात, त्याबद्दल आधी तुमचे आभार.

आजचा विषय आमच्याकडे एका प्रश्नातून आला. मागच्या व्याख्यानानंतर दोन मुली थांबल्या होत्या. अंधेरी पश्चिमेला एका भाड्याच्या खोलीत त्या अॅनिमेशनचं काम करतात. जाहिरातींची कामं येतात, पण रेंडरला रात्र पुरत नाही. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून उतरलेले, भरपूर कोअर असलेले दोन प्रोसेसर घेऊन एक वर्कस्टेशन बांधायचं त्यांच्या मनात आहे. साठवलेली सगळी शिल्लक त्यात जाणार. त्यांनी विचारलं, "सर, दोन प्रोसेसर घातले की काम दुप्पट वेगानं होतं ना?"

आम्ही तेव्हा "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून सुटका करून घेतली. 'हो' म्हटलं असतं तरी चुकलं असतं आणि 'नाही' म्हटलं असतं तरी. आज त्या दोघी पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. पण आपला धंदा इतिहासाचा. उत्तर जरा लांबून येईल.

सुरुवात करू या १९८०च्या दशकातल्या एका मागणीपासून. मॉन्सूनचा अंदाज गणितानं बांधायचा तर मोठं यंत्र हवं होतं. अमेरिकेतल्या क्रे कंपनीचं 'एक्स-एमपी' हे त्या वेळचं नावाजलेलं सुपरकॉम्प्युटर. ते १९८२ साली आलं. एकाहून जास्त प्रोसेसर एकत्र चालवणारं क्रेचं हे पहिलं यंत्र. त्याच्या नावापुढचा आकडा नीट बघा. 'एक्स-एमपी २४' म्हणजे प्रोसेसर दोन. पुढचा चार हा मेमरीचा. भारतानं हे २४ मागितलं. पण पावसाचं गणित करणारं यंत्र अण्वस्त्रांचंही गणित करू शकतं, ही अमेरिकेची शंका. वाटाघाटी लांबत गेल्या आणि अखेर १९८७ साली, राजीव गांधी पंतप्रधान असताना, होकार आला तो 'एक्स-एमपी १४'ला. मागितले दोन, मिळाला एक. ते यंत्र दिल्लीत बसलं आणि हवामानाच्या कामाला लागलं.

म्हणजे आज जो दुसरा प्रोसेसर आपण बाजारातून पिशवीत घालून आणतो, तो एके काळी दोन सरकारांच्या वाटाघाटीचा विषय होता. हे ध्यानात ठेवा.

आता त्याच काळात आपल्या अंधेरीत काय चाललं होतं? १९७३ साली मरोळजवळ सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे आपलं सीप्झ, सुरू झालं होतं. आज तिथे हिऱ्या-दागिन्यांचं काम खूप दिसतं, पण सुरुवातीला ते फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी होतं. सुटे भाग बाहेरून जकातीशिवाय यायचे, इथे जोडले जायचे आणि माल परदेशी जायचा. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्यातला फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचा होता आणि या टंडनचं काम सीप्झमध्येही चालत असे. टाटा बरोज हीसुद्धा सीप्झमधलीच. यातल्या बरोज या अमेरिकन कंपनीचं 'बी ५०००' हे यंत्र १९६१ सालचं, आणि त्यात दोन प्रोसेसर बसवायची सोय होती. तेव्हा दोन प्रोसेसर ही काही कालची कल्पना नाही. साठी उलटून गेली तिला.

पण सीप्झच्या बाकांवर बसून ज्यांनी ते बारीक भाग जोडले, त्यांत मुली मोठ्या संख्येनं होत्या. त्यांच्या हातात कसब होतं, नकाशा मात्र दुसऱ्याचा. कुठला भाग कुठे बसतो हे त्यांना पाठ होतं. तो तिथेच का बसतो, हे ठरवणारं टेबल समुद्रापलीकडे होतं. आम्ही हे कमीपणा म्हणून सांगत नाही. जोडणं आणि रचणं यांत फरक आहे, एवढंच म्हणायचं आहे, आणि आजच्या प्रश्नाचं उत्तर त्या फरकातच आहे.

कारण दुसरा प्रोसेसर नाकारला गेल्यावर रचण्याचं काम आपल्याला करावंच लागलं. तेही आपल्याच महाराष्ट्रात दोन ठिकाणी. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ साली 'परम ८०००' उभं राहिलं. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही ना, मग बाजारात मिळणारे छोटे पुष्कळ घेऊ, असा तो विचार. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' त्यांनी वापरले. ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा, चार दुवे असत. असे ६४ एकमेकांना जोडले. इकडे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच १९९१ सालात 'अनुपम' सुरू झालं, तेही इंटेलच्या चार प्रोसेसरांपासून.

या मंडळींपुढे खरी अडचण कोणती होती? तारा जोडणं नव्हे. अडचण होती कामाची वाटणी. हवामानाचं एक मोठं गणित ६४ जणांत कसं वाटायचं? एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नसेल तर बाकीच्यांनी काय करायचं?

घरचं उदाहरण घेऊ. लग्नघरात पोळ्या लाटायला दहा बायका बसल्या आणि तवा एकच असेल, तर जेवणाची पंगत दहापट लवकर बसत नाही. हीच गोष्ट जीन अॅमडाल यांनी १९६७ साली गणितात मांडली. समजा, कामाचा फक्त ५ टक्के भाग असा आहे की तो एकानंच करायचा आहे. मग १६ कोअर लावले तर वेग साधारण ९ पट होतो. १२८ लावले तर? साधारण १७ पट. कोअर आठपट वाढले, वेग दुप्पटही नाही झाला. आणि कितीही कोअर लावा, २० पटीच्या पुढे जाताच येत नाही. तो ५ टक्क्यांचा तवा आड येतो.

'परम' आणि 'अनुपम'च्या लोकांना हे पुस्तकातून कळलं असेलच, पण हात भाजल्यावर जास्त कळलं असणार. त्यांनी नुसती यंत्रं बांधली नाहीत. कामाची वाटणी करणारे प्रोग्रॅमही लिहिले. आमच्या मते त्या वर्षांची खरी कमाई ती.

पुढचा टप्पा पुन्हा पुण्याचा. नोव्हेंबर २००७मध्ये जगातल्या वेगवान सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत टाटांचं 'एका' चौथ्या क्रमांकावर आलं. वेग ११७.९ टेराफ्लॉप्स. ते आतून कसं होतं? पातळ पाट्यांसारखे सर्व्हर, प्रत्येकात इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर, प्रत्येक प्रोसेसरात चार कोअर. अशा पाट्या इतक्या, की कोअरची बेरीज चौदा हजारांच्या वर. म्हणजे ज्या दोन प्रोसेसरच्या यंत्राबद्दल या मुली विचारतायत, ती विटेसारखी आहे आणि सुपरकॉम्प्युटर ही त्या विटांची इमारत. २०२०मध्ये सी-डॅकचं 'परम सिद्धी-एआय' त्याच यादीत ६३वं आलं. त्याच्या प्रत्येक यंत्रात एएमडीचे ६४ कोअरचे दोन एपिक प्रोसेसर. दोन मिळून १२८.

मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि उतरलेले प्रोसेसर बाजारात येतात. फिरत फिरत ते लॅमिंग्टन रोडपर्यंत पोचतात. इथे आता आमची स्वतःची फजिती सांगायला हवी.

आमच्याकडे जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं साठली होती. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करायचा होता. म्हणून आम्हीही असंच एक यंत्र बांधलं. १४ कोअरचे दोन जुने झिऑन, एकूण २८ कोअर. दुकानदारानं पहिला प्रश्न केला, "काम काय करणार?" आम्हाला वाटलं, याला काय करायचंय? आम्ही ऐटीत म्हणालो, "तुम्ही फक्त प्रोसेसर दाखवा."

यंत्र सुरू झालं आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरपेक्षा हळू चाललं. पंखे मात्र असे, की शेजारच्यांनी येऊन विचारलं.

चुका दोन होत्या. पहिली मेमरीची. पूर्वी मेमरी सगळ्या प्रोसेसरांची सामाईक असायची. २००३ साली एएमडीचा ऑप्टेरॉन आला, नंतर २००९च्या सुमारास इंटेलचे झिऑनही त्या वाटेनं गेले आणि मेमरीचा ताबा थेट प्रोसेसरकडे आला. प्रत्येकाची मेमरी त्याच्या शेजारी. आम्ही सगळ्या पट्ट्या पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला खोचल्या होत्या. म्हणजे ओटे दोन, पण पिठाची परात एकाच ओट्यावर. दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक गोळ्यासाठी पलीकडे हात घालावा लागत होता. पट्ट्या दोन्हीकडे सारख्या वाटल्या, तेव्हा तो मोकळा झाला.

दुसरी चूक मोठी. आमचा अक्षर ओळखणारा प्रोग्रॅम एका वेळी एक पान घ्यायचा आणि एकच कोअर वापरायचा. उरलेले २७ बसून. यंत्रात काहीच बिघाड नव्हता, आम्ही काम वाटलंच नव्हतं. मग एकाच वेळी २८ पानं वेगवेगळी चालवली. पान क्रमांक ५चं पान क्रमांक ६वर काही अडत नाही. त्या रात्री यंत्र पहिल्यांदा कामाला लागलं. दुकानदाराचा तो प्रश्नच बरोबर होता, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

आता या दोघींचं उत्तर. अॅनिमेशनची एकेक फ्रेम स्वतंत्र असते, आमच्या पानांसारखी. त्यामुळे तुमचं काम छान वाटलं जातं आणि भरपूर कोअर तुम्हाला खरंच उपयोगी पडतील. पण फ्रेमा स्वतंत्र आहेत म्हणूनच, एका महागड्या यंत्राऐवजी दोन साधी यंत्रंही ते काम वाटून घेतील. एक बिघडलं तर दुसरं चालू राहील. एकेका फ्रेमला प्रचंड मेमरी लागत असेल, तर मात्र दोन प्रोसेसरचं यंत्र घ्या. तुमचा रेंडरर ग्राफिक्स कार्डावर चालत असेल, तर पैसे प्रोसेसरमध्ये घालूच नका. विंडोज होम एकच प्रोसेसर वापरतं, दोनासाठी प्रो लागतं. शिवाय विंडोज लॉजिकल प्रोसेसर ६४-६४च्या गटांत मोजतं, त्यामुळे काही जुने प्रोग्रॅम पहिल्या गटापुढे बघतच नाहीत. आणि खोलीतला १६ अँपियरचा पॉइंट कुठे आहे ते आधी बघा. एसी आणि हे यंत्र एकाच पॉइंटवर नको. पैसे देण्याआधी तुमचीच एखादी फाइल घेऊन जा आणि ती त्या यंत्रावर चालवून बघा.

शेवटी पुन्हा इतिहास. सप्टेंबर २०२४मध्ये 'परम रुद्र' मालिकेतली तीन सुपरकॉम्प्युटर राष्ट्राला अर्पण झाली. त्यातलं एक आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे. त्यांतला 'रुद्र' सर्व्हर सी-डॅकनं रचला आहे, आणि त्याच्या बोर्डावर जागा आहे दोन प्रोसेसरांची. प्रोसेसर अजून परदेशी आहेत, हे खरं. पण कुठला भाग कुठे बसतो आणि तिथेच का, हे ठरवणारं टेबल आता इथे आहे. मरोळला ज्यांनी पहिले भाग जोडले, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट कुणीतरी पोचवायला हवी. त्यांतल्या काही जणी अजून याच भागात राहत असतील. तुमच्या घरात, इमारतीत कुणी असेल, तर पुढच्या व्याख्यानाला त्यांना घेऊन या. त्या वेळी बोलायचं काम त्यांचं, ऐकायचं आमचं.

आता प्रश्न विचारा. बाहेर चहा आहे, पण प्रश्न आधी.