'आस्क' : एका पृच्छक क्रियापदाचा पूर्वेतिहास

आमच्याकडील जी पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली, आणि तिच्यामागून जी रेन व मार्टिन यांच्या व्याकरणावर पोसली गेली, त्या दोन्ही पिढ्यांना 'आस्क' या क्रियापदापुढे प्रश्न लिहावयाचा झाल्यास एक कडक दंडक पाळावा लागे : प्रश्न परोक्ष झाला की क्रियापदाने कर्त्याच्या मागे जावयाचे, 'डू' आणि 'डिड' यांना रजा द्यावयाची, काळ एक पाऊल मागे न्यावयाचा आणि प्रश्नचिन्ह पुसून टाकावयाचे. 'व्हेअर डू यू लिव्ह' याचे 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' असे रूपांतर झाले म्हणजे मास्तर संतुष्ट होत. 'ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह' असे लिहिणाऱ्याच्या वहीवर तांबड्या शाईची रेघ उमटे. दंडक असा का, हे सहसा कोणी सांगत नसे. वास्तविक ते सांगण्याजोगे आहे, कारण या नियमाच्या मुळाशी तर्कशास्त्रापेक्षा इतिहास अधिक आहे.

इंग्रजीच्या प्राचीन अवस्थेत पृच्छेसाठी दोन क्रियापदे प्रचलित होती. त्यांपैकी 'फ्रिग्नन' हे संस्कृतातील 'प्रच्छ्' धातूचे, म्हणजे पर्यायाने आपल्या 'पुसणे' या शब्दाचेही, सगोत्र. जर्मन भाषेतील 'फ्रागेन' त्याच कुळातले. दुसरे 'आस्कियन', त्याचे नाते 'इच्छति' या रूपाशी जुळते, आणि धुंडणे, अभिलाषा धरणे हा त्याच्या मूळ धातूचा अर्थ. काळाच्या ओघात पहिले नामशेष झाले आणि दुसरे तेवढे राहिले, त्यामुळे आजच्या इंग्रजीत पुसणे आणि मागणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दाच्या पदरी पडल्या आहेत. या 'आस्कियन'चेही आरंभापासून दोन उच्चार होते, एक 'स्क' असा आणि दुसरा वर्णविपर्ययाने झालेला 'क्स' असा. ज्याला आज अशिक्षितांचा उच्चार समजून नाक मुरडले जाते, तो 'आक्स' सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रंथभाषेत मानाने नांदत होता. चॉसरच्या काव्यात तो आहे आणि कव्हरडेलने 1535 मध्ये छापविलेल्या बायबलातही आहे. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 मध्ये 'एनीडॉस' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. वारा पडल्यामुळे थेम्स नदीत गलबत खोळंबून राहिलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्यापैकी एकाने एका गृहिणीपाशी अंडी मागितली, तेव्हा तिने उत्तर दिले की आपणास फ्रेंच येत नाही. त्यालाही फ्रेंचचा गंध नसल्यामुळे तो रागावला. अखेर दुसऱ्या एकाने अंड्यांचा दक्षिणेकडील जुना शब्द उच्चारला, तेव्हा तिला अर्थबोध झाला. हकीकत अंड्यांच्या शब्दाची म्हणून सांगितली जाते. परंतु त्या व्यापाऱ्याने 'पुसले' हे लिहिताना कॅक्स्टनने 'आक्स्ड' असेच लिहिले आहे, हे आपल्या प्रकृत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

या क्रियापदाचा सोबती 'व्हेदर' हाही पुरातन आहे. संस्कृत वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही, कारण 'दोहोंपैकी कोणता' या अर्थाचा 'कतर' आणि जुन्या इंग्रजीतील 'ह्वेदर' ही एकाच मूळ रूपाची अपत्ये होत. प्रारंभी ते सर्वनाम होते. दोन पक्षांतून एक निवडण्याची पृच्छा करता करता ते संशय दर्शविणारे अव्यय बनले. त्याच्यापुढील उपवाक्यात जुने इंग्रज क्रियापदाचे संशयार्थक रूप योजीत, कारण जे अद्याप ठाऊक नाही ते निश्चयार्थी रूपात सांगणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. 'इफ' हेही अव्यय पृच्छेपुढे तितक्याच जुन्या काळापासून येत आले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सरळ प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी आणण्याची रीत जुन्या इंग्रजीत होती, परंतु कोणतेही क्रियापद ही जागा घेऊ शके. आजच्या भाषेत सांगावयाचे तर 'व्हेअर लिव्ह यू' हाच शिष्टसंमत प्रश्न होता. उपवाक्यात मात्र कर्ता आधी आणि क्रियापद नंतर हा क्रम तेव्हाही अबाधित असे. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत 'डू' हे साहाय्यक सरळ प्रश्नांत शिरू लागले. आल्वार एलेगार्ड या स्वीडिश पंडिताने 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जुन्या वाङ्मयातील हजारो वाक्यांची मोजदाद करून या प्रसाराचा आलेख काढून दाखविला आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी आणि नवी अशा दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी वावरताना दिसतात, आणि अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नवी तऱ्हा स्थिर झाली. जे स्थित्यंतर झाले ते सरळ प्रश्नात झाले. 'आस्क'पुढील उपवाक्य जेथे होते तेथेच राहिले. तेव्हा परोक्ष प्रश्न करताना 'डू' गाळावयाचे, ही शालेय परिभाषा इतिहासाच्या दृष्टीने उलटी आहे, कारण त्या उपवाक्यात 'डू' कधी रूढ झालेच नव्हते.

मग ही उलटी परिभाषा आली कोठून? तिचा उगम लॅटिन पाठशाळेत आहे. विल्यम बुलोकर याने 1586 मध्ये इंग्रजीचे पहिले मुद्रित व्याकरण रचले तेव्हा त्याच्यासमोर नमुना लॅटिन व्याकरणाचाच होता. लॅटिनमध्ये परोक्ष प्रश्नातील क्रियापदाला संशयार्थी रूप देणे अनिवार्य असल्यामुळे सरळ भाषणाचे परोक्ष भाषण करणे हा तेथील विद्यार्थ्यांचा नित्याचा व्यायाम असे, आणि तोच व्यायाम कालांतराने इंग्रजी शिकविण्याच्या कामी लावण्यात आला. अमेरिकेतून येऊन यॉर्कनजीक स्थायिक झालेल्या लिंडली मरे याचे 1795 मधील व्याकरण, त्यानंतर नेसफील्डची पुस्तके, आणि शेवटी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या व पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या पी. सी. रेन याचे पुस्तक, अशा परंपरेने ही शिस्त आमच्या वर्गांपर्यंत येऊन पोहोचली.

आमच्या मुलांना ती जड का गेली, याचे उत्तर आमच्या भाषेच्या घडणीत आहे. संस्कृताने 'इति' योजून दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उद्धृत करण्याची जी पद्धती घालून दिली, ती मराठीने 'असे' आणि 'म्हणून' यांच्या साह्याने अखंड चालविली. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या 'लीळाचरित्रा'त भक्त पुसतात आणि स्वामी सांगतात ते त्यांच्या स्वतःच्या शब्दांत. पेशवाईतील न्यायनिवाड्यांच्या तक्रिरी, करीने आणि जबान्या वाचाव्यात, तर कारकुनाने वादी-प्रतिवादींचे बोलणे 'ऐसे' आणि 'म्हणोन' यांच्या कुंपणात उतरवून घेतलेले आढळते. ज्याचे बोलणे त्याच्याच तोंडी ठेवावे, हा या पद्धतीतला प्रामाणिकपणा मला फार आदरणीय वाटतो. केरीने 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपुरात मराठीचे व्याकरण छापले, दादोबा पांडुरंगांचे 1836 मध्ये आले, मोरो केशव दामले यांचा बृहद्ग्रंथ 1911 मध्ये झाला. या काळात मराठी गद्याने इंग्रजीपासून पुष्कळ घेतले, परंतु 'तू कोठे राहतोस असे त्याने मला विचारले' हे वाक्य आजही प्रश्नाचा क्रम, काळ आणि पुरुष यांना धक्का न लावता उभे आहे. तेव्हा वहीवरच्या त्या रेघेखालचे वाक्य निष्काळजीपणाचे नव्हते. 'इति'च्या संस्काराने मुलगा प्रश्नाचा क्रम अखंड ठेवीत होता.

ही प्रवृत्ती एकट्या आमचीच आहे असेही नाही. आयर्लंडच्या गेलिक भाषेत सरळ आणि परोक्ष या दोन्ही प्रश्नांना एकच प्रश्नवाचक अव्यय लागते व शब्दांचा क्रम बदलत नाही. म्हणून आयरिश माणसाच्या इंग्रजीत 'आस्क'पुढे प्रश्न आपल्या मूळ उलट्या क्रमानेच येतो, आणि त्याबद्दल तेथे कोणी संकोच बाळगीत नाही. जेम्स जॉइस याच्या 1914 मधील 'डब्लिनर्स' या संग्रहात 'ॲरबी' नावाची कथा आहे. बाजाराला जाणार का, असे एक मुलगी कथानायकाला विचारते ते वाक्य जॉइसने याच आयरिश क्रमाने लिहिले आहे, आणि आपण होय म्हटले की नाही याचा त्या मुलाला विसर पडला हे सांगणाऱ्या लगतच्या वाक्यात मात्र 'व्हेदर' योजून इंग्लंडच्या व्याकरणाचा दंडक पाळला आहे.