विमानाचा शिंपी

विमानाचा इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनी इंजिनाला मखरात बसवलं, पंख्याची आरती केली आणि शिंप्याला मात्र मांडवाबाहेर उभं केलं. हा अन्याय आहे, असं माझं नम्र पण ठाम मत आहे. पहिली कित्येक वर्षं विमानाचे पंख कापडाचेच होते; आणि कापड आलं की शिंपी आलाच!

राइट बंधूंचंच पाहा. १९०० साली विल्बर राइट ग्लायडर घेऊन किटी हॉकला निघाला. वाटेत पंखांसाठी १८ फुटी लाकूड मिळेना, १६ फुटीवर भागवावं लागलं. मग शिवून आणलेलं सॅटीन कापून आखूड करणं आलं. ते काम त्यानं तिथल्या टेटबाईंच्या शिवणयंत्रावर उरकलं. पुढे बंधू ते ग्लायडर तिथंच टाकून गेले, तेव्हा टेटबाईंनी पंख उसवून आपल्या दोन मुलींना झगे शिवले. उड्डाणाच्या इतिहासातला हा माझा सर्वांत आवडता प्रसंग. आमच्याकडे जुन्या पडद्यांचे अभ्रे होतात, ते याच थोर परंपरेत!

पुढे कापडावर ‘डोप’ नावाचं वार्निश आलं. ते वाळताना कापड आवळून घेतं. सैल पंख तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसतो. १९४० साली उडालेल्या ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ विमानाचं धड म्हणजे बर्चचं प्लायवुड, मधे बाल्सा, आणि वरून डोप दिलेलं सुती कापड. बाल्सा म्हणजे आपल्या काटेसावरीच्या गोतावळ्यातलं, अमेरिका खंडातलं अतिहलकं लाकूड. आणि त्या कापडाचं नाव ठाऊक आहे? मादापोलम! आंध्रात नरसापूरजवळ गोदावरीकाठी या नावाचं गाव आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची तिथं वखार होती. नाशकात आपण जिच्यात डुबकी मारतो, तीच ही गोदामाई. पण विमानावर चढेपर्यंत ते कापड विलायती गिरण्यांतून निघू लागलं होतं. नाव तेवढं आभाळात गेलं. विणकर खालीच राहिला. इथं मला विनोद सुचत नाही.

काचेचं कापड आलं ते नखरे करीतच. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात काचेच्या धाग्यांचा झगा मांडला होता. नेसण्यापेक्षा बघण्याच्याच उपयोगाचा. १९३०नंतरच्या दशकात बारीक, चिवट काचतंतू कारखान्यांतून निघू लागले, आणि १९५७ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थी-मंडळींचं ‘फिनिक्स’ हे ग्लायडर उडालं. बाल्साचा गाभा आणि दोन्ही अंगांना रेझिनात मुरवलेलं काचेचं कापड! काचतंतूंचं ते पहिलं ग्लायडर.

तीच विद्या आज माझा भाचा आमच्या गॅलरीत करतो. आधी बाल्साचा पंख घासून गुळगुळीत करायचा. त्यावर चौरस मीटरला जेमतेम २५ ग्रॅम भरणारं काचेचं कापड अंथरायचं. ते इतकं तलम की आमच्या सौ. म्हणाल्या, “याचं नेसूचं काही होईल का रे?” मग पातळ एपॉक्सी रेझिन मधोमध ओतून जुन्या पत्त्यानं कडांकडे सारत न्यायचं. कापड पारदर्शक झालं की ते मुरलं.

आणि मग येतो खरा भाग. एवढ्या महागाचं रेझिन ओतून झाल्यावर भाचा टॉयलेट पेपरची गुंडाळी पंखावरून फिरवतो आणि जास्तीचं रेझिन टिपून घेतो!

मी म्हटलं, “अरे, राहू दे की! जाड थर म्हणजे मजबूत.”

“मामा, बळ धाग्यांचं असतं,” तो म्हणाला. “रेझिन नुसतं त्यांना जागेवर धरून ठेवतं. जास्तीचं रेझिन म्हणजे मेलेलं वजन. कापडाच्या वजनाइतकं उरलं, की बस्स!”

दुसऱ्या दिवशी ते कडक होतं. तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावूनच घासायचं. काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीला मानवत नाही. मग आणखी एक पातळ हात, पुन्हा घासणं. पुन्हा उतरवणं. मोजून पाहिलं, तर लावण्यापेक्षा खरवडण्यातच त्याचा जास्त वेळ गेला.

आपल्याकडे लग्नापासून भाषणापर्यंत सगळं भर घालूनच सजतं. विमान मात्र प्रत्येक ग्रॅमचा जाब विचारतं. चकाकतं ते रेझिन, म्हणून शाबासकी त्याला. धागा आत मुकाट ताण सोसत असतो, नि दिसत तर मुळीच नाही. मादापोलमच्या विणकराला हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको.