उरलेला बुडबुडा

हवा म्हणजे मुख्यतः दोन वायूंचे मिश्रण, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील रसायनज्ञांच्या चांगली अंगवळणी पडली होती. त्यांतील प्राणवायू मोठा उतावळा. लोखंडाला तो गंज चढवतो, पेटत्या लाकडाची राख करतो. नत्रवायू त्याच्या उलट. ज्योत त्यात विझते आणि सहसा कोणाशी तो संयोग पावत नाही. हवेतून प्राणवायू, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकल्यावर जे उरते तो नत्रवायू, अशी त्याची व्याख्याच होऊन बसली. उरलेल्या वस्तूला एकदा नाव मिळाले, की तिच्याकडे निरखून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

हेन्री कॅव्हेंडिशला ती वाटली. लंडनचा हा गर्भश्रीमंत गृहस्थ इतका अबोल, की मोलकरणीशी बोलण्याचा प्रसंग टाळण्यासाठी जेवणाची सूचना तो चिठ्ठीवर लिहून ठेवी. माणसांना भिणारा हा पुरुष तराजूपुढे मात्र निर्भय असे. नत्रवायू म्हणून जो ओळखला जातो तो सगळा एकाच जातीचा आहे काय, असा प्रश्न त्याने १७८५ साली उपस्थित केला. वाकड्या काचनळीची दोन्ही तोंडे पाऱ्यात बुडवून तिच्यात त्याने हवा व जादा प्राणवायू भरला आणि त्यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. ठिणगीच्या प्रखर उष्णतेत नत्रवायूचे औदासीन्य टिकत नाही. तो प्राणवायूशी संयोग पावतो आणि झालेले संयुग नळीतील क्षारद्रव शोषून घेतो. हा उद्योग त्याने चिकाटीने चालविला. अखेरीस जादा प्राणवायूही काढून टाकला, तेव्हा एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहिला. तो मूळ नत्रवायूच्या एकशेविसाव्या हिश्शाहून मोठा नव्हता. कॅव्हेंडिशने तेवढी नोंद केली. पुढे शंभर वर्षे त्या बुडबुड्याची कोणी विचारपूस केली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॅली हा इंग्लंडमधील पदार्थवैज्ञानिक निरनिराळे वायू अत्यंत काटेकोरपणे तोलीत होता. इतर मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या नेमक्या पटीत असतात काय, हे त्याला पाहायचे होते. नत्रवायूची पाळी आली आणि हिशेब जुळेना. त्याच्या काचेच्या गोलात हवेपासून मिळविलेला नत्रवायू सुमारे २.३१० ग्रॅम भरे, तर रासायनिक संयुगांपासून तयार केलेला सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अवघा ११ मिलिग्रॅमचा. दुसऱ्या एखाद्याने तो यंत्राच्या माथी मारून सरासरी काढली असती. रॅलीने उलट केले. प्रथम हा फरक हजारात एकच होता. केवळ अमोनियापासून मिळालेला नत्रवायू वापरून त्याने तो दोनशेत एक इतका वाढविला. वायू आठ महिने साठवूनही पाहिला. वजन बदलले नाही. १८९२ साली त्याने हे कोडे ‘नेचर’ नियतकालिकात जाहीर मांडले.

त्याला साहाय्य मिळाले ते विल्यम रॅम्झी या रसायनज्ञाचे. तापवून लाल केलेले मॅग्नेशियम नत्रवायू गिळून टाकते, या गुणाचा रॅम्झीने उपयोग केला. हवेतला नत्रवायू त्यावरून पुनःपुन्हा नेल्यावर जो वायू उरला, तो नत्रवायूहून बराच जड होता आणि त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. रॅलीने कॅव्हेंडिशचा जुना प्रयोगही करून पाहिला. बुडबुडा पुन्हा उरला! ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथील सभेत हा शोध जाहीर झाला. नव्या वायूला ‘आर्गॉन’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आळशी.

सर्वांनाच हे पटले नाही. खुद्द मेंडेलेव्हला हा नत्रवायूचाच तीन अणूंचा रेणू असावा असे वाटे. त्याची शंका पोरकट नव्हती; आर्गॉनचा अणुभार ४० ठरत होता आणि आवर्तसारणीत त्याला जागा नव्हती. परंतु वायूच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.६६ आले. याचा अर्थ त्याचे अणू एकेकटे राहतात. तीन अणूंच्या रेणूची कल्पना त्यामुळे टिकेना. पॅरिसमध्ये म्वासांने त्याची गाठ फ्लोरिनशी घातली. फ्लोरिनपुढे काचही टिकत नाही. पण आर्गॉन ढळला नाही. १८९५ साली रॅम्झीने एका खनिजातून हेलियम मिळविला. १८९८ साली त्याने मॉरिस ट्रॅव्हर्सच्या साहाय्याने हवेतूनच क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन वेगळे केले. आवर्तसारणीत एक संपूर्ण नवा स्तंभ उभा राहिला. १९०४ साली रॅलीला पदार्थविज्ञानाचे आणि रॅम्झीला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोघा सहकाऱ्यांचा भारताशीही संबंध आला. मुंबईच्या जमशेटजी टाटांनी योजिलेल्या विज्ञानसंस्थेविषयी सल्ला देण्यासाठी रॅम्झी १९०० साली या देशात आला आणि त्याने बंगळूरची शिफारस केली. त्या संस्थेचे पहिले संचालक ट्रॅव्हर्सच झाले.

हवेत आर्गॉनचे प्रमाण सुमारे ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहूनही अधिक आहे. त्याचा आळस पुढे उपयोगी पडला: दिव्यातील तापलेली तार आणि जोडकामातील वितळलेला धातू त्याच्या संगतीत सुरक्षित राहतात. हे घराणे कोणाशीच सोयरीक करीत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत राहिली. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेटने झेनॉनचे पिवळसर संयुग तयार केले, तेव्हा ती पाने बदलावी लागली. आर्गॉन मात्र आणखी अडतीस वर्षे हटून बसला. २००० साली फिनलंडमधील संशोधकांनी हायड्रोजन व फ्लोरिन यांच्याशी त्याचे संयुग घडवून आणले. ते अतिशीत अवस्थेतच तग धरते. जरा ऊब लागली, की आर्गॉन पुन्हा सुटा होतो.